चुरीसरांची सही

चंद्रहास चुरींना गावात 'जर्मन इंजिनिअर' म्हणत, निम्मं कौतुकानं आणि निम्मं चेष्टेनं. केळीच्या वाडीत वाढलेला हा मुलगा जर्मनीला जाऊन जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करून आला आणि आल्या आल्या गावाच्या मागे लागला: बावखल बुजवू नका. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. समुद्र हाकेच्या अंतरावर असून आपल्या विहिरी गोड आहेत त्या या तळ्यांमुळे, ती गेली की खारं पाणी आत शिरणार, हे तो लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगायचा. लोक म्हणायचे, आधी त्याला वरण वाढा रे, म्हणजे गप्प बसेल.

पुढे तो तालुक्यातल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवू लागला. शिकवायचा झकास. यथावकाश विभागप्रमुख झाला, पोट सुटलं, अरेचा अहो झाला. मग कॉलेजला नवी इमारत हवी झाली आणि शेजारचं बावखल आडवं आलं. संस्थेच्या अध्यक्षांनी सरांना चहाला बोलावलं. प्राचार्याची खुर्ची तेव्हा रिकामी होती, पण तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. काढायची गरजच नव्हती. सरांनी पानभर इंग्रजी अहवाल लिहिला: सदर जागी केवळ पावसाळी खड्डा असून आजूबाजूच्या विहिरींशी त्याचा संबंध नाही. खाली सही ठोकली, बावखल बुजलं आणि जूनमध्ये ते प्राचार्य झाले.

माणूस मनानं वाईट नव्हता. निर्लज्ज असता तर मजेत राहिला असता. हा मात्र बारा वर्षं कॉलेजच्या मागच्या फाटकानं ये-जा करत राहिला, कारण पुढच्या फाटकाशी मार्थाआजीची विहीर होती आणि ती खारट झाली होती.

निवृत्तीनंतर लोकांनी त्यांना महापालिकेच्या निवडणुकीला उभं केलं. जाहीरनाम्यात पहिलाच मुद्दा छापला, उरलेली बावखलं वाचवू. तो कार्यकर्त्यांनी घातला होता. सरांनी तो खोडला नाही, इतकंच.

प्रचार करत ते शेवटी मार्थाआजीच्या दारात आलेच. कार्यकर्ते पुढच्या घराकडे गेले होते. आजीनं खुर्ची पुसून दिली आणि उशीखालून एक झेरॉक्स काढली.

"फेबियननं दुबईवरनं माहिती अधिकाराचा अर्ज टाकला होता, आपलं पानी कोनी बिघडवलं म्हनून. काल टपालानं हा कागद आला. मला इंग्रजी येत नाय. तुम्ही वाचा सर, आनि याचा फोटो त्याला पाठवा. मला ते मोबाईलचं जमत नाय."

फेबियन हा तिचा नातू, सरांचाच विद्यार्थी. सरांनी कागद हातात घेतला. छापलेलं नाव झेरॉक्समध्ये काळं झालं होतं, सही मात्र ठसठशीत उमटली होती. तो त्यांचाच अहवाल होता. इतकी वर्षं जपलेलं नाव ह्या म्हातारीच्या हातात होतं, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

"कोनी लिवलंय?" आजीनं विचारलं.

"नाव नीट दिसत नाहीये," सर म्हणाले. ते खरंही होतं, म्हणून जास्तच लाज वाटली. मग त्यांनी मोबाईल काढला आणि मजकूर येईल पण सही येणार नाही असा फोटो काढून पाठवला. जर्मनीला जाऊन आलेल्या माणसानं पासष्टाव्या वर्षी ही अक्कल चालवली.

फेबियनचं उत्तर लगेच आलं. 'सर, खालचा भाग कटला. सही दिसत नाही. पुन्हा पाठवाल का?'

"काय म्हनतो?"

"फोटो नीट आला नाही, खालची सही दिसत नाही म्हणतो."

आजीनं कागद टेबलावर पसरला, दोन्ही हातांनी कोपरे दाबून धरले. "आता काढा. मी धरलाय."

तिच्या बोटांमध्ये सही अगदी स्वच्छ दिसत होती. सरांनी फोटो काढला. पाठवला. फेबियननं चार वर्षं प्रॅक्टिकलच्या वहीवर ती सही पाहिली होती, त्याच्या दाखल्यावरही तीच होती.  मग त्याचं उत्तर आलं.

'कळलं सर. आजीला मी काही सांगणार नाही. तिचा तुमच्यावर फार विश्वास आहे.'

सरांनी ते दोनदा वाचलं. शिव्या आल्या असत्या तर त्यांनी निमूट गिळल्या असत्या. पण आपल्याच विद्यार्थ्यानं आपली अब्रू झाकावी, हे मात्र त्यांना सोसेना.

"ओळखली का त्यानं सही?" आजीनं विचारलं.

"ओळखली." सर उठून उभे राहिले. "आजी, ती सही माझी आहे. तो खड्डा नव्हता. मला माहीत होतं."

आजीनं कोपऱ्यांवरचे हात काढले. कागदाकडे पाहिलं, मग सरांकडे. आवाज चढला नाही तिचा.

"मला वाटलं," ती म्हणाली, "कोनी बाहेरचा असंल."