आधीच मानलेले उपकार

देवाचे उपकार मानायला मी आयुष्यात उशीर पुष्कळदा केला. घाई झाली ती एकदाच, आणि तीसुद्धा माझ्या सासूबाईंमुळे. आमच्या नाशिक रोडच्या मंडळीत रीत आहे, घरात काही चांगलं झालं की उपकारस्तुतीचं पाकीट द्यायचं, आत थोडं दान आणि कशाबद्दल त्याची चिठ्ठी. रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब ती चिठ्ठी सगळ्यांसमोर वाचतात. कुणाचं ऑपरेशन नीट झालं, कुणाला नातू झाला. गेल्या वर्षी एका शुक्रवारी मी सातपूरच्या औषध कंपनीतून घरी आले आणि सांगितलं की पुढच्या महिन्यापासून मला लॅबची प्रमुख करणार आहेत. हातात अजून कागद नव्हता. पण आमच्या आईंच्या पोटात काही राहील तर ना! रविवारी वाचलंच गेलं, "सूनबाईंच्या बढतीबद्दल." अख्खं चर्च वळून माझ्याकडे बघायला लागलं. उपासनेनंतर हात मिळवून मिळवून खांदा भरून आला. खोटं कशाला सांगू, मला ते सगळं फार आवडलं.

सोमवारी कंपनीत साहेबांनी बोलावलं. औषधात जाणारा कच्चा माल तपासणं हे माझं काम. मुलांच्या खोकल्याच्या औषधासाठी ग्लिसरीनची आठ पिंपं आली होती. प्रत्येक पिंप वेगळं तपासायचं असा नियम, कारण ग्लिसरीनमध्ये विषारी भेसळ निघून मुलं दगावलेली आहेत. मी रजेवर असताना दोनच तपासली गेली आणि आठही वापरून औषध तयारसुद्धा झालं. साहेब म्हणाले, "मॅडम, आठही तपासली असं लिहून सही करा. एकाच गाडीतून आलेला माल, त्यात काय वेगळं असणार? गुरुवारी गाडी निघायचीय." मग हसून म्हणाले, "प्रमुखाला असे निर्णय घ्यावेच लागतात." आवाज चढला नव्हता, धमकी नव्हती. गुरुवार सकाळपर्यंत विचार करा म्हणाले, चहाही पाजला.

मी देवावर चिडले. कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते. सोळा वर्षं ही खुर्ची मागितली, दिलीस तर अशी? माझ्या हाताखाली शिकलेली पोरं पुढे गेली तेव्हा मी चकार शब्द काढला नाही. आता एका सहीसाठी कशाला अडवतोस? माल बहुधा चांगलाच असणार. आणि चर्चमध्ये सगळ्यांना कळलेलं, आता काय तोंड दाखवायचं? नवरा मनमाडला रेल्वेत, रोज जाऊन येऊन करतो. त्याला सांगितलं तर म्हणाला, "तुझं मन सांगेल ते कर, मी आहे." म्हणजे पुन्हा सगळं माझ्याच गळ्यात. आईंना तर सांगायची हिंमतच झाली नाही. चर्चमध्ये वाचलेली उपकारस्तुती परत घेता येते का, असं पाळकसाहेबांना विचारावं, हा वेडा विचारही येऊन गेला.

आणि बुधवारी संध्याकाळी आईंनी माझ्या बढतीसाठी घरीच प्रार्थनासभा ठेवली. दहा-बारा माणसं, पोहे, चहा. शेजारच्या ताईंकडे हरसूलच्या बाजूची एक म्हातारी मावशी डोळे दाखवायला आली होती. तिलाही त्या घेऊन आल्या. पाय पोटाशी घेऊन भिंतीला टेकून बसली होती. आमच्याकडे सभेत एकामागून एक सगळे प्रार्थना करतात आणि ज्याच्यासाठी सभा असते त्यानं शेवटी करायची. मावशीची पाळी आली. तिला बढती म्हणजे काय ते उमगलं होतं की नाही कुणास ठाऊक. ताईंनी तिला एवढंच सांगितलं होतं की ही बाई औषधाच्या कंपनीत आहे.

मावशी म्हणाली, "देवबापा, ही बाई औषध करती. आमच्याकडं डाक्टर लय लांब. नातवाला खोकला झाला का मी बाटली आनती. मला वाचता येत नाय. ज्यानं भरली त्यानं खरं केलं असंल, येवढ्यावरच पाजती. तिचा हात धर, बापा. आमेन."

एवढंच. तिला माझ्याबद्दल काही कळलं असेल असं मी म्हणत नाही. ती कुठल्याही औषधवाल्या बाईसाठी हेच बोलली असती. शेवटी माझी पाळी आली. उपकार मानायला तोंड उघडलं आणि सगळंच बाहेर पडलं. दोन पिंपं, आठ पिंपं, सही, माझी हाव, सगळं. डोळे मिटून बोलत होते, तरी आईंचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. नंतर चहा कुणी धड प्याला नाही.

गुरुवारी मी साहेबांना सांगितलं, सहा पिंपं तपासलेली नाहीत असंच लिहिते. तसं लिहिलं. माल थांबला, प्रत्येक पिंपातले राखून ठेवलेले नमुने तपासले, आणि सगळे चांगले निघाले! साहेब म्हणाले, "बघा मॅडम, उगाच ताणलंत." खुर्ची दुसऱ्याला मिळाली. मला कागदपत्रांच्या खोलीत टाकलं, अजून तिथेच आहे. माझं खरं ठरलं असं काही झालं नाही. मी वाट पाहिली, नाही म्हणत नाही. पण हळूहळू कळलं, देवावर सोपवायचं म्हणजे शेवट आपल्या बाजूनं लागला की नाही, तेसुद्धा त्याच्यावरच सोडायचं. मावशी दोनच दिवसांत गावी गेली. मी तिचं नावही विचारलं नाही, याची रुखरुख आहे. रोजच्या प्रार्थनेत ती असते.

आई मात्र आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. रागावल्या होत्या की लाजल्या होत्या, कळेना. मग शनिवारी बाजारात नेहमीच्या भाजीवालीनं विचारलं, "काय आजी, सूनबाई मोठी साहेब झाली म्हणं!" मी मेथीत डोकं खुपसलं. आईंचा आवाज मुळातच मोठा, शेजारच्या चार गाड्यांना ऐकू जाईल असा. "नाही झाली," त्या म्हणाल्या. "खोटी सही मागत होते. माझ्या सुनेनं दिली नाही." भाजीवालीनं माझ्याकडे वर बघितलं. मी भर बाजारात, पिशवी हातात धरून, रडायला लागले. आईंनी पदरानं माझे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पुरे गं वेडे, लोक बघतायत. चल, अजून कोथिंबीर घ्यायचीय."