उन्हात तापलेली डबी

त्याच्या टायवर माझा पहिल्यापासूनच विश्वास बसला नाही. एकलहऱ्याच्या कॉलनीत भर एप्रिलात टाय लावून कोण फिरतं? अँटिबायोटिक्स घेऊन आईचं पोट बिघडलंय, हे या विक्रेत्याला नेमकं कुणी सांगितलं, देव जाणे.

"काकू, आतड्यात चांगले जंतूही असतात. औषधाने वाइटांबरोबर तेही मरतात. या कॅप्सूलमध्ये ते जिवंत आहेत." पाठ केल्यासारखं बोलत तो डबी सारखी अंगठ्याने पुसत होता.

मी डबी हातात घेतली. चांगलीच तापली होती. वर छापलं होतं, 'थंड जागी ठेवा'. आणि याची बॅग सकाळपासून उन्हात स्कूटरला लटकलेली!

"यातले अजून जिवंत किती?" मी विचारलं.

त्याने डबी बॅगेत टाकली. बूट चढवताना मात्र आईकडे वळून हळूच म्हणाला, "काकू, थोडं विरजण मिळेल? रोज मेसचं खाऊन माझंच पोट बिघडलंय. खोलीवर दही लावीन म्हणतो."

आईने वाटीभर दही दिलं. ती वाटी त्याने बॅगेत ठेवली नाही. वर तळहाताची सावली धरून स्कूटरपर्यंत जपून नेली.