माझ्या वाटचं बोलणं

आज पोरीचा पहिला पेपर आहे. साडेनऊला ती गेली. घरात आता मी एकटी आहे आणि फॉल लावायच्या सात साड्या कॉटवर पडल्या आहेत. त्या बाजूला सारून ही वही घेतली. मुलाच्या आयटीआयच्या वह्यांची मागची पानं कोरी राहिली होती, तीच मी वापरते. कुणाला दाखवायची नाहीत, म्हणून मोकळं लिहिता येतं.

मला बोलता येत नाही. घरात नवऱ्याशी, मुलांशी बोलते. पण परकं माणूस समोर आलं की डोक्यात तयार केलेलं वाक्य तिथंच राहतं. लग्न होऊन साताऱ्याकडच्या गावातून घणसोलीला आले तेव्हा वाटलं होतं, शहरात राहून सुधारेल. सुधारलं नाही. नवरा मार्केटात माथाडी. पहाटे जायचा, दुपार कलल्यावर यायचा. गावठाणात वरच्या मजल्यावर आमची एक खोली, खाली घरमालकीण. ती आगरी, मोठ्या आवाजाची. जिन्यात भेटली की काहीतरी विचारायची आणि मी नुसती हसायचे. एकदा ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "देवान तुला तोंड दिलाय का नाय गो? का नुसती सुईच दिलीय?" मी त्यावरही हसले.

फॉल लावायचं काम तेव्हा नुकतंच सुरू केलं होतं. बायका साडी घेऊन यायच्या, कधी मिळेल विचारायच्या आणि मी दारात उभी. मुलगी चार वर्षांची असेल. एक दिवस ती माझ्या मागून पुढं आली आणि त्या बाईला म्हणाली, "आई म्हणते, उद्या संध्याकाळी या." मी काही म्हटलं नव्हतं. पण मनात तेच होतं. बाई हसत गेली. त्या दिवसापासून आमची ती रीतच पडली.

दवाखान्यात माझं पोट दुखतंय हे ती सांगायची, आणि कुठं दुखतं ते स्वतःच्या पोटावर बोट ठेवून दाखवायची. डॉक्टरांनी एकदा तिचंच पोट तपासलं. रेशनच्या दुकानात माझा अंगठा मशीनवर उमटायचा नाही, सुईनं बोटं झिजलेली. तेव्हा माझा हात धरून ती दुकानदाराला सांगायची, हे बोट नको, ते घ्या. शाळेत पालकांच्या सभेला गेले तर बाईंनी मला विचारलं, ही घरी अभ्यास करते का. मी पोरीकडं पाहिलं. ती म्हणाली, "आई म्हणते, करते." बाई म्हणाल्या, अगं, आईला बोलू दे की. तर ही म्हणाली, आईनंच सांगितलंय. सगळा वर्ग हसला, त्यात मीही.

पुढं पुढं ती माझ्या नावावर आपलंही खपवायला लागली. बापाला सांगायची, आई म्हणते मला सहलीला पाठवायचं. घरमालकिणीला एकदा सांगून आली, आई म्हणते तुमच्याकडच्या बोंबलाच्या कालवणाचा वास फार छान येतो. मला जिना उतरायची लाज वाटली. संध्याकाळी वाटीभर कालवण वर आलं, आणि मग दर आठवड्याला येत राहिलं. मी कधी मागितलं नसतं. पण मला ते आवडायचं, हे तिनं बरोबर ओळखलं होतं.

धाकटा मुलगा माझ्या वळणावर गेला. गल्लीत त्याचा चेंडू कुणी घेतला तरी तो उभा राहायचा आणि बहीण जाऊन भांडून आणायची. घरात आम्ही चौघं, आणि बोलणारी एकटी ती. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. लेकरू हुशार आहे, एवढंच वाटायचं. आता वाटतं, एवढ्याशा जिवाकडून मी किती काम करून घेतलं. पाणी भरण्याचं, केर काढण्याचं काम दिसतं तरी. हे दिसतसुद्धा नव्हतं.

एक दिवस मात्र विसरत नाही. ती नऊ वर्षांची होती, तापानं निजली होती. एक बाई चिडून साडी घेऊन आली. पहिल्याच धुण्यात फॉल आखडला होता आणि काठाला चुण्या पडल्या होत्या. चूक माझी होती. फॉल आधी पाण्यात भिजवून वाळवून घ्यायचा असतो, घाईत तो तसाच लावला होता. बाई दारातून बोलत राहिली आणि माझ्या तोंडून शब्द निघेना. मग पोरगी चादर गुंडाळून उठली, दारात आली आणि म्हणाली, आम्ही उसवून नवीन लावून देतो. बाईनं जे मला बोलायचं ते तिला बोलून घेतलं. तिनं सगळं ऐकलं. बाई गेल्यावर ती भिंतीकडं तोंड करून झोपली. मी तिच्या पायाशी बसून तो फॉल उसवला. लाज वाटली होती, खरंच वाटली होती. पण त्याच आठवड्यात दारावर दुसरी कुणी आली आणि मी पुन्हा तिलाच हाक मारली.

अशीच वर्षं गेली. एका खोलीच्या दोन झाल्या. पोरगी नर्सिंगला गेली, खारघरच्या कॉलेजात. पेशंट तिच्यावर खूश असतात म्हणे. असणारच. दुसऱ्याचं दुखणं आपल्या तोंडानं सांगायची तिला लहानपणापासून सवय. मुलगा एसी दुरुस्तीच्या कामाला लागला. तिचं स्थळ ठरत आलं तेव्हा तो मला म्हणायचा, "दीदी गेली की तुझं तोंड कोण गं? मला नाही जमायचं, मी आधीच सांगतो."

स्थळ आमच्याच भागातलं, राहायला खारघरला. मुलगा चांगला आहे. दोघं एकदा भेटली, पोरीला पसंत पडला. तोही कमी बोलणारा. ती हसून म्हणाली, माझ्या नशिबात गप्प माणसंच आहेत.

माघात बैठक ठरली आणि त्याआधी तिला कळलं की त्यांच्याकडं वैशाखातला मुहूर्त काढलाय. तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा त्याच पंधरवड्यात. तिनं मुलाला सांगितलं, तो म्हणाला घरी बोलतो. बोलला की राहिला, कोण जाणे. तिनं बापाला सांगितलं. ते म्हणाले, मुलीकडच्यांनी अडून बसायचं नसतं, परीक्षा सहा महिन्यांनी परत होते. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पाहुण्यांपुढं ते नमतंच घेतात.

बैठकीच्या आदल्या दिवशी मी साडीला टीप घालत होते, ती माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "मी बोलले तर म्हणतील, पोरगी आत्ताच वरचढ आहे. पप्पा बोलणार नाहीत. आई, एवढं तू सांग."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. ती थोडा वेळ बसली आणि उठून गेली.

लग्न झाल्यावर सहा महिन्यांनी परीक्षेला बसणं कसं असतं ते मला माहीत आहे. आमच्या भावकीतल्या दोघी-तिघी अशाच बसणार होत्या. आणि मला माझी चौथी आठवली. आमच्या गावात चौथीपर्यंतच शाळा होती. पुढची शाळा दुसऱ्या गावाला. मास्तर मुद्दाम घरी आले, माझ्या वडिलांसमोर मला विचारलं, पुढं शिकायचंय का. मला शिकायचं होतं. मी खाली बघत राहिले. वडील म्हणाले, बघा, तिलाच नको आहे. मास्तर चहा पिऊन गेले. मला कुणी अडवलं नव्हतं. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. सगळ्यांना सांगते की तेव्हा मुलींना शिकवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. बाहेरच्या खोलीत पुरुष बसले, मुलाचे चुलते बोलायला पुढं. मुलाचे वडील नाहीत. मुलाची आई आत स्वयंपाकघरात आली. मी शिऱ्याचा रवा भाजत होते. पोरगी कोपऱ्यात वेलदोडे सोलत होती. बाहेर चुलते म्हणाले, "मग वैशाखातलं धरू या," आणि आमचे म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, पाहुणं."

माझा हात कढईत फिरत होता. रवा भाजताना थांबता येत नाही आणि मागं वळून बघताही येत नाही. त्यामुळंच की काय, तोंडातून निघालं, "ताई, एक सांगायचं होतं."

पोरीनं लगेच तोंड उघडलं. सवयच ती. मी मानेनं नको म्हटलं.

मी कढईकडं बघत सगळं सांगितलं. परीक्षा कधी आहे, किती मेहनत केलीय, एकदा राहिली की राहते.   मुलाच्या आईनं विचारलं, "एवढं मघाशीच का नाही सांगितलं?"

मी म्हटलं, "मला बोलता येत नाही."

"आता काय करताय मग?" ती म्हणाली.

पोरीला हसू फुटलं. मुलाची आई मात्र हसली नाही. म्हणाली, हे मी बाहेर सांगितलं तर दीर म्हणतील, सासूला आत्तापासूनच सुनेचा पुळका. तुम्ही सांगा, मी शेजारी उभी राहते. तिनं माझ्या हातातला झारा घेतला आणि पोरीच्या हातात दिला.

पदर सारखा करून मी दारात गेले. आठ-नऊ माणसं वर बघायला लागली. आवाज किती ठेवायचा याचा मला अंदाज नव्हता, तो फारच मोठा निघाला. मी म्हटलं, "वैशाखात नको. तिची शेवटची परीक्षा आहे. ती होऊ द्या. मग तुम्ही म्हणाल ती तारीख."

 आमचे सतरंजीकडं बघत होते. चुलते म्हणाले, हे आधी कळवायचं होतं, आम्ही भटजींना विचारून बसलोय. तेव्हा मुलाची आई माझ्या शेजारून म्हणाली, "भावजी, भटजी दुसरा मुहूर्त काढून देतील."  चुलत्यांनी शिरा खाल्ला, चहा घेतला, घरी विचार करून फोन करतो म्हणाले आणि गेले.

दोन दिवस फोन आला नाही. आमचे माझ्याशी जेवणापुरतं बोलत होते. मी साड्या हातात घ्यायचे आणि टाके वाकडे पडायचे. माझ्या एका वाक्यानं पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं असतं, तर मी काय करणार होते? पोरगी मात्र शांत होती. ड्यूटीला जायची, येऊन अभ्यासाला बसायची. दुसऱ्या संध्याकाळी आमचे हात धुता धुता म्हणाले, "बोललीस ते चुकीचं नव्हतं. पण आधी मला सांगायचं होतंस."

मी म्हटलं, "तिनं तुम्हाला सांगितलं होतं."

 जेवायला बसल्यावर त्यांनी पोरीला विचारलं, पेपर एकूण किती आहेत. तिनं सांगितलं. ते म्हणाले, मग पहाटे मी उठतो तेव्हा तुला पण उठवत जाईन, चालेल ना. तेव्हापासून रोज उठवतात. मार्केटला जाण्याआधी तिच्यापुढं चहाचा कप ठेवून जातात.

तिसऱ्या दिवशी मुलाच्या आईचा फोन आला, माझ्या मोबाईलवर. लग्न तुळशीच्या लग्नानंतर. चुलते अजून थोडे घुश्शात आहेत, पण ते लग्नात मानपानाला बसले की निवळतील, असं ती म्हणाली. आम्ही बराच वेळ बोललो. काय बोललो ते आता आठवतही नाही. शिऱ्यात मी किती तूप घालते, हेसुद्धा तिनं विचारलं.

पोरीनं मला थँक्यू वगैरे म्हटलं नाही. आमच्यात तसं म्हणत नाहीत. त्या रात्री जेवताना तिनं माझ्या ताटातली भाकरी मोडून घेतली, लहानपणी घ्यायची तशी. पण आभार तिनं मानायचे, असं मला वाटतच नाही. सतरा-अठरा वर्षं ती माझ्या वाटचं बोलली. दारातल्या बायकांची बोलणी तिनं खाल्ली, दवाखान्यात, रेशनवर, शाळेत ती माझ्यापुढं उभी राहिली. मी तिच्यासाठी एकदाच बोलले, आणि तेसुद्धा निम्मं कढईकडं तोंड करून. याची फेड होत नाही. पोरी, हे तुला समोर सांगायला गेले तर तू हसशील आणि मी रडेन, म्हणून इथं लिहिते.

आता साडेबारा झाले. पेपर सुटायला अजून थोडा वेळ आहे. तुळशीचं लग्न होईस्तोवर ती या घरात आहे, असं मी रोज मनाला सांगते आणि रोज एक दिवस कमी होतो. ती वेळ आणखी पुढं ढकलायला मी कुठल्या बैठकीत काय सांगणार?

भात टाकायला हवा. ती आली की आधी जेवेल. भुकेली असताना ती बोलत नाही. पोट भरलं की मग पहिल्या प्रश्नापासून शेवटपर्यंत सगळा पेपर सांगेल, औषधांची नावं, शिरा, धमन्या, काय काय. मला त्यातलं काही कळणार नाही. साड्या संध्याकाळी करेन. ती बोलेल तेवढा वेळ आज मला नुसतं बसून ऐकायचं आहे.