चिनी काकूंनी जाळलेलं पान

आत्ता गॅसवर कागद जळाला आणि त्या वासाने मी थेट सौदीतल्या जेद्दात, दोन हजार पाचमध्ये! शाळेत चीनवर प्रोजेक्ट होता, म्हणून दहा वर्षांची मी शेजारच्या चिनी काकूंच्या किचनमध्ये वही घेऊन बसलेले. मोदकासारखी पारी वळत त्या तोडक्या इंग्लिशमध्ये सांगत होत्या, लहानपणी त्यांच्या वडिलांना घरात सरकारविरुद्ध काहीतरी बोलल्यावरून पकडून नेलं होतं. मी भराभर लिहीत सुटले. अचानक त्यांनी वहीच हिसकावली. "माझं नाव लिहिलंस?" पान फाडून सरळ गॅसवर धरलं. मी इतकी घाबरले, रडायलाच लागले. "आंटी, प्रॉमिस, कुणाला नाही सांगणार!" "माझा भाऊपण असंच म्हणाला होता," त्या हळूच म्हणाल्या, "मग त्यानेच बाबांचं बोलणं शाळेत सांगितलं." आता मी चीनचाच इतिहास शिकतेय, पण कुणी घरचं बोलायला लागलं की आधी पेन खाली ठेवते.