टेकावरचं शेत

ओन्येकवेलूकाका वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. गावात सगळ्यांत वयस्कर तेच. चंद्र मोजून ते नव्या कोनफळाच्या सणाचा दिवस ठरवायचे आणि मी घंटा बडवत गावभर सांगत फिरायचो. त्या दिवशी देवाला दाखवून पहिला घास काकांचा, मग गावाचा. त्याआधी कोणी कुदळ लावली, तर एक बकरा दंड.

पूर्वी नायजर नदीचं पाणी ऑक्टोबरात शेतात यायचं. तोवर कोनफळं घरी आलेली असायची. हल्ली उन्हाळे भाजून काढतात, पाऊस कोसळतो तो वेड्यासारखा आणि नदीला काळवेळ उरलेली नाही. आमची मोजणी मात्र जुन्या चंद्रावरच.

त्या वर्षी सणाला बारा दिवस असताना ओबियागेली काकांच्या अंगणात आली. नवरा गेलेला, पदरी तीन पोरं, शेत अगदी नदीकाठी.

"काका, पाणी लव्हाळ्यापर्यंत आलंय. खणू द्या."

"देवाच्या आधी तोंड लावायचं?"

"खात नाही हो! नुसतं खणून ठेवते."

"आज तू खणशील, उद्या सगळं गाव. बारा दिवस कळ काढ."

मीही मध्ये तोंड घातलं, "दंडाला बकरा आहे का गं घरात?" सगळे हसले. ते हसणं आठवलं की आजही मला लाज वाटते.

सातव्या दिवशी पूर आला. ओबियागेली छातीभर पाण्यात बुड्या मारून कोनफळं उपसत होती. हाताला लागली ती थोडकी, तीही आठवड्यात कुजली. खायला पुरेना, म्हणून धाकट्या मुलीला तिने आपल्या बहिणीकडे धाडून दिलं. लोक नदीला शिव्या घालत होते. काका जेवण टाकून उठायचे.

पुढच्या वर्षी त्यांनी चंद्र न मोजताच मला तीन आठवडे आधी घंटा वाजवायला लावली. गाव जमलं. भाजलेल्या कोनफळाचा तुकडा पाम तेलात बुडवून त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो ओबियागेलीपुढे धरला.

"माझं शेत टेकावर आहे, पोरी. तिथं पाणी चढत नाही, म्हणून मला देव आठवला. काठावर असतं, तर मीच आधी खणलं असतं."

ओबियागेलीने घास घेतला.

"ते मला तेव्हाच ठाऊक होतं, काका," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

माझंही शेत टेकावरच आहे.