किशनची टोचन लावलेली गाडी

पहाटे चार वाजता किशन गाडीखाली शिरला. उजाडलं तेव्हाही तो पाठीवर पडून पान्याशी झटत होता. बोल्ट गंजलेले होते. बाहेर त्याची बायको भागिरथा टॉर्च धरून उभी होती.

ऊसतोडीचा हंगाम संपला होता. सोलापूरकडून आमची टोळी रिठदजवळच्या तांड्यावर परत निघाली होती. शेवटच्या आठवड्यात किशनच्या जुन्या व्हॅनचं इंजिन बसलं. तिची चारही चाकं ओढायची, म्हणून चिखलातल्या फडापर्यंत माणसं आणि पाण्याचे ड्रम तीच न्यायची. किशनचा मणका गेलेला. या गाडीमुळे त्याच्या हातातला कोयता सुटून पोट स्टेअरिंगवर चाललं होतं. भंगारवाला तिथेच घ्यायला तयार होता. पण वाशीमचा रहीम मिस्त्री फोनवर म्हणाला, "बाकी गाडी साबूत आण, दुसरं इंजिन बसवून देतो. पण चाकं फिरवणारे दोन्ही शाफ्ट काढूनच टोचन लाव, मग ओढत आण. नाहीतर चाकं फिरतील तशी गिअरबॉक्स आतून जळन."

म्हणून शाफ्ट काढणं आलं. या गाडीचा हातब्रेक शाफ्टवरच लागतो. शाफ्ट निघाला की तोही गेला. इंजिन बंद, त्यामुळे पायाचा ब्रेकही दगडासारखा कडक. एवढ्या भरवशावर चारशे किलोमीटर जायचं होतं.

टोळीनं भाड्यानं घेतलेल्या दौलतसिंगच्या ट्रकला लोखंडी दांड्यानं व्हॅन जोडली. ट्रकात माणसं, बकऱ्या, खोप्यांचं सामान. व्हॅन रिकामी दिसली तशी बायांनी ज्वारीची पोती तिच्यात चढवली. किशननं एकदा नको म्हटलं. कुणी ऐकलं नाही. रिकामी गाडी चाललेली आमच्या लोकांना बघवत नाही.

मागच्या गाडीत बसणं म्हणजे आराम, असं ज्यांनी ते केलं नाही त्यांना वाटतं. समोर फक्त ट्रकचं फळकूट दिसतं आणि तोंडावर धूळ येते. पुढचा ब्रेक मारेल तेव्हाच मागच्यानं मारायचा. उशीर झाला तर मागची गाडी पुढचीला ढकलते. किशन दिवसभर असा एका पायावर बसला. भागिरथा शेजारी, मांडीवर दोन दगड. ट्रक थांबला की ती उडी मारून चाकाखाली दगड लावायची, निघताना काढायची. उजव्या हाताची बोटं सोलून निघाली तेव्हा ती डाव्या हातानं लावू लागली.

धाराशिव मागे पडल्यावर एका साध्या उतारावर व्हॅन तिरपी झाली. दांडा करकरला. दौलतसिंगनं ट्रक बाजूला घेतला.

"पुढे बीडच्या अलीकडे घाट हाय," तो म्हणाला. "ह्या वजनानं व्हॅन उलटन, अन् मलेबी घेऊन जाईन. पोते काढा, नाहीतर गाडी सोडा. मले उद्या सांजच्याले दुसरं भाडं हाय."

किशन खाली उतरला. त्याचा गुडघा वाकत नव्हता. तो बायांना म्हणाला, "पोते रस्त्यावरच्या हाटेलात ठेवू. मी आणून देतो मागाहून."

रुखमाबाई टोळीतली सगळ्यात म्हातारी तोडकरीण. ती म्हणाली, "तू आणशीन? तुले तं सोताची गाडी नेता येऊन नाही राह्यली."

"मंग काय करू मावशी? सोडून देऊ हिले?"

"कायले सोडतं? पोते ट्रकात टाका. आमी उतरतो. सहा महिने उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढलो, आता रिकाम्या हातानं घाट उतरता नाही येत का?"

"तुमचे गुडघे?"

"तुयाहून बरे हायेत. पाय पाह्य आपला, सुजून भोपळा झाला."

कुणीतरी हसलं. मग पोती ट्रकात हलली. घाट आला तसे बाया, माणसं, पोरं, बकऱ्या सगळे त्याच्या तोंडाशी उतरले आणि रस्त्याच्या कडेनं चालू लागले. दुपारचं डांबर चपलेला चिकटत होतं. आमच्या बाजूनं ट्रक पहिल्या गिअरमध्ये उतरत गेला. मागे किशन दोन्ही पायांनी ब्रेकवर जवळजवळ उभा होता, डोकं टपाला टेकलेलं. भागिरथा दार उघडं धरून बसली होती, दगड हातात. ब्रेकच्या जळक्या वासानं आमचे डोळे चुरचुरले.

खाली पोचलो तेव्हा गाडी उभी होती, सरळ. किशन स्टेअरिंगवर डोकं ठेवून बसलेला.

"उतर ना," रुखमाबाई म्हणाली.

"पाय उचलून नाही राह्यला मावशी."

दोघांनी धरून त्याला उतरवलं. पोती या वेळी व्हॅनमध्ये परत कुणी ठेवली नाहीत. पुढचा सगळा रस्ता बाया ट्रकात पोत्यांवर, एकमेकींच्या अंगावर, पाय आखडून बसून आल्या. दुसऱ्या दिवशी तांडा आला.

रहीमनं गाडी उघडली. गिअरबॉक्समध्ये काही बदलावं लागलं नाही. पुढचा एक्सलही साबूत निघाला. किशन महिनाभर काठीवर चालला.

त्या सरलेल्या हंगामात त्यानं गाडी चालवून आणि भागिरथानं ऊस तोडून जे मिळवलं, त्यातून अपघातात चेपलेल्या दुसऱ्या एका व्हॅनचं जुनं इंजिन आलं. भागिरथा घरावर पत्रे टाकायचं म्हणत होती. पत्र्यांपुरतं काही उरलं नाही.