खामगावातला विलायती खोडकर

जलंबला गाडी बदलून खामगावच्या छोट्या गाडीत बसलो, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी कशासाठी चाललात, असं विचारलं. इंग्रजी चित्रकथांतल्या एका खोडकर पोराचा इतिहास लिहितोय, असं सांगितलं. त्यांनी सहानुभूतीने मान हलवली आणि कापसाच्या भावाविषयी बोलू लागले.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. चित्रकथेतला हा पोरगा विलायतेत एका साप्ताहिकाच्या मागच्या पानावर, कोपऱ्यात जन्मला. सुरुवातीला नुसती सफरचंदं चोरायचा. वाचकांना आवडला, तसा पहिल्या पानावर आला आणि खिडक्या फोडू लागला. मला ठाऊक होतं ते एवढंच. जुने अंक पुण्यात मिळेनात. ते खामगावात गोविंदराव या निवृत्त ड्रॉइंग मास्तरांकडे निघाले. जिनिंगचा (सरकी काढण्याच्या कारखान्याचा) साहेब देश सोडून गेला, तेव्हा त्याच्या मुलांची रद्दी मास्तरांनी उचलली होती.

स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. मास्तरांच्या घरी पोचेपर्यंत माझा काळा कोट पांढरा झाला. त्यांच्या पत्नी यमुनाबाईंनी तो झटकून दिला आणि रोडगे (निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) व वांग्याची भाजी वाढली. भाजी इतकी तिखट, की बराच वेळ मला इतिहासाविषयी काही विचारता आलं नाही.

जेवणानंतर अंक उघडले. पोराची खोडी, शेजाऱ्यांची धावपळ, सगळं जागच्या जागी होतं. प्रत्येक गोष्टीची शेवटची चौकट मात्र गायब. तिथे बाप पोराला मांडीवर पालथा घालून सपातेने बडवतो, हे मी ऐकून होतो. मास्तरांनी चष्मा पुसला.

"उंदरांनी खाल्लं असल," ते म्हणाले.

"उंदीर चौकोनी खातेत काय?" यमुनाबाईंनी शांतपणे विचारलं. "म्या कापलं. चुलीत घातलं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. मुलगा वसंत लहान असताना मास्तर त्याला मारत, आणि विलायतेतही असंच करतात म्हणून ती चौकट दाखवत. यमुनाबाईंना इंग्रजी येत नव्हतं. त्या चित्रं पाहून वसंताला गोष्ट सांगायच्या. शेवटी पोरगा घरी येई, हात धुई आणि जेवायला बसे. आता वसंत नागपूरला नोकरीला होता. दोन दिवाळ्या आला नव्हता.

संध्याकाळभर मास्तर एकेक अंक उघडून त्या भोकांतून पलीकडचं पान पाहत होते.

सकाळी मी निघालो तर मास्तर पिशवी घेऊन तयार. यमुनाबाईंनी आम्हा दोघांचा डबा बांधला होता. नागपूरला वसंताला कळवलंय का, असं मी विचारलं. नाही, म्हणाले.

जलंबला त्यांची गाडी आधी आली. डब्यात चढून ते खिडकीशी वळले.

"तुमच्या त्या पोराचा बाप पुढं सुधरला काय हो?"

"नाही. अजून मारतोच."

"वय काय असल त्याचं?"

"चित्रातल्या माणसांचं वय वाढत नाही, मास्तर."

"तरीच," ते म्हणाले, आणि गाडी सुटली.

पुण्याला येऊन मी तो इतिहास लिहिला. पोराविषयी बरंच लिहिता आलं. बापाविषयी लिहायला बसलो, की मला विलायतेतलं कोणी आठवतच नाही. पिशवी मांडीवर घेऊन नागपूरकडे चाललेले मास्तर तेवढे दिसतात.